रुपरावांची उलटी फेरी

नागपूरच्या महाल भागातल्या सात-आठ गल्ल्यांत रुपरावांचा चेहरा न पाहिलेली माणसं पुष्कळ निघतील, पण आवाज न ऐकलेलं एकही माणूस निघायचं नाही. पाळण्यातलं तान्हं पोरही नाही. कारण सकाळी सव्वासातला त्याला उठवून रडवण्याचं काम गेली अडतीस वर्षं रुपरावच करत आले आहेत.

"सांबाऽऽर! मेथीऽऽ, पालऽऽक!"

पुण्या-मुंबईकडे जिला कोथिंबीर म्हणतात तिला नागपुरात सांबार म्हणतात, आणि रुपराव त्यातल्या 'बा'वर असा काही झोका घेत की तिसऱ्या मजल्यावरची बाई तव्यावरची पोळी तशीच सोडून दोरीला टोपली बांधायला धावे. माणूस पाहिला तर सांबाराच्या काडीसारखा. ठेला त्यांना ढकलतो की ते ठेल्याला, हे लांबून कळत नसे. आवाज मात्र एखाद्या पैलवानाकडून मागून आणल्यासारखा.

पण रुपरावांना विचाराल तर गल्लीतली हाक म्हणजे नुसती पोटासाठी. खरी हाक वर्षातून एकाच दिवसाची. श्रावणात, नागपंचमीच्या आगेमागे नागपुरातली माणसं पचमढीच्या डोंगरात नागद्वारला जातात. पहाटे निघायचं, कडे, दऱ्या, धबधबे, लोखंडी शिड्या पार करत गुहेतल्या नागदेवाचं दर्शन घ्यायचं आणि डोंगराला अख्खा वळसा घालून संध्याकाळी निघालो तिथेच परत यायचं. त्या वाटेवर कुणाला नाव नसतं. वकील असो, न्हावी असो, सगळे भगत आणि बायका भगतीन. रुपरावांच्या पत्नी कौसल्याबाई त्यांना वर्षभर 'अहो' म्हणत. त्या दिवशी मात्र "ए भगत, सरक तिकडं" असं खणखणीत म्हणून वर्षभराची भरपाई करून घेत.

त्यांच्या मंडळात चौदा भगत. चोवीस वर्षं सर्वांत पुढे रुपराव. डोंगरात धुकं असं उतरतं की आपल्याच हातातली शेंगदाण्याची पुडी कुणाची आहे असा प्रश्न पडावा. म्हणून रुपराव प्रत्येक वळणावर थांबत, छाती भरून घेत आणि हाक टाकत, "हाय का गाऽऽ?"

मागून सगळे एका सुरात ओरडत, "हाऽऽव!"

'हाव' आली की पुढचं पाऊल. मागच्यांसाठी नियम एकच होता. हाक थांबली की जिथे असाल तिथेच बुड टेकायचं, एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. हा नियम रुपरावांनीच केलेला. एका वर्षी मंडळाचे अध्यक्ष आनंदराव हाक न ऐकता आपल्या नादात चालत राहिले आणि तिसऱ्याच मंडळाच्या पंगतीत दोन वेळा भात घेऊन बसले, तेव्हाचा.

वाटेतल्या जागांना नावंही रुपरावांचीच. एका कड्यावरून अख्खी दरी पायाखाली दिसते. तिथे आल्यावर प्रयागबाईसुद्धा बोलायच्या थांबतात, म्हणून त्या कड्याचं नाव 'गप्प बस'. प्रयागबाई या मंडळातल्या सर्वांत वडील भगतीन. त्यांचं तोंड एरवी फक्त फराळाला बंद होई, आणि तेही अर्धवट. एक धबधबा जवळ गेलं की नुसता ठिबकतो आणि पाठ फिरवली की धो धो कोसळल्यासारखा ऐकू येतो. तो 'सुनेचा नळ'.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गेल्या हिवाळ्यात रुपरावांचा आवाज बसला. काढे झाले, हळद-दूध झालं. आवाज उठला, पण अर्धाच. 'बा'वरचा झोका मधेच दोरी तुटल्यासारखा थांबू लागला. टोपल्या उशिरा खाली येऊ लागल्या. आणि त्याच सुमारास रुपरावांच्या पोटात वसंत नावाचा आजार शिरला.

वसंत हा तीन गल्ल्या पलीकडे कांदे-बटाटे विकणारा, पंचेचाळिशीतला गडी. चार वर्षांपूर्वी रुपरावांनीच त्याला मंडळात आणलेलं. त्याच्या ठेल्यावर चार्जिंगचा भोंगा होता. बटन दाबलं की भोंगा ओरडे, "कांदेवालाऽ आलू घ्याऽ", आणि वसंत ठेल्याला टेकून निवांत चहा पीत उभा. स्वतःच्या तोंडाने न ओरडता भाजी विकणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवणं, असं रुपरावांचं स्पष्ट मत होतं, आणि ते त्यांनी वसंतला तोंडावर सांगितलंही होतं. वसंत हसला होता आणि त्यांना चहा पाजला होता. वसंतची हीच खोड. त्याचा राग येऊ लागला की तो काहीतरी चांगलं करून ठेवी.

यात्रेच्या आठ दिवस आधी आनंदरावांच्या शिलाई दुकानात बैठक झाली. आनंदरावांनी गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरून, ज्या आवाजात ते गिऱ्हाइकाला "ब्लाऊज थोडा तंग झाला" असं सांगत त्या आवाजात सुरुवात केली.

"रुपराव, यंदा तुमी मंधात चाला. गठुड्यांजवळ. आरामानं."

"मंधात?" रुपराव म्हणाले. मधे म्हणजे प्रयागबाई, तांदळाचं पोतं आणि स्टोव्ह यांच्या रांगेत.

"पुढं वसंत राहीन. यंदा पाहू. जमलं तं मंग दरसाल तोच. तुमच्या गळ्याले तरास काहून द्याचा?"

वसंत घाईघाईने म्हणाला, "भाऊ, आवाजाची सोय मी करतो. म्हंजे कसं हाय का, तुमचा जो—"

"मले ठेल्यावर पानी माराचं हाय," असं म्हणून रुपराव उठले आणि चपला न घालताच चालू लागले. पुढचं वाक्य ऐकायला ते थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

घरी आल्यावर पोटात आग पडली होती. त्यांनी मूठभर ओवा खाल्ला.

"काय झालं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"ॲसिडिटी."

"कोनामुळं?"

रुपरावांनी आणखी एक मूठ ओवा तोंडात टाकला. पुढचे आठ दिवस त्या घरात वसंत हे नाव उच्चारायला बंदी झाली. कौसल्याबाईंनी दोनदा प्रयत्न केला. "अहो, आयका तं, त्या वसंतनं मोबाइलमंधी—" "त्याचं नाव काहाडू नको." भाजीत कांदाही घालू देईनात, कारण कांदा पाहिला की वसंत आठवे. शेजाऱ्यांना वाटलं, यंदा रुपराव चातुर्मास कडक पाळून राहिले. दोन बायकांनी तर कौसल्याबाईंना नमस्कारही केला.

गाडी नागपूरहून निघाली तेव्हा वसंतने रुपरावांना खिडकीची जागा दिली. घाट लागल्यावर लिंबू दिलं. छिंदवाड्याला गाडी थांबली तेव्हा त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा शोधून आणला. माणूस जरा वाईट असता तर रुपरावांच्या जळण्याला काही आधार तरी मिळाला असता. हा असा लिंबू घेऊन उभा! त्यातच मागच्या सीटवर मंडळात नव्याने आलेल्या दोघांना तो सांगत होता, "एक धबधबा हाय, त्याले आमी सुनेचा नळ म्हनतो..." रुपरावांना वाटलं, आपल्या पोराचं नाव बारशाला शेजारचा सांगून राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, जीपने सोडलं तिथे, मंडळाच्या ताडपत्रीच्या पालाबाहेर सगळे तयार झाले. वसंतच्या गळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लोंबत होतं. रुपरावांनी तिकडे पाहिलं नाही. पोट धरून ते कौसल्याबाईंना म्हणाले, "तुमी व्हा पुढं. माह्यं पोट बरोबर नाही. मी आज पालातच राहतो."

"खरंच?" कौसल्याबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. अडतीस वर्षांत या माणसाने पोटदुखीचं नाव कधी काढलं, आणि ते कशासाठी, याची त्यांच्याकडे यादी होती. ओव्याची पुडी त्यांच्या हातावर ठेवून गेल्या.

मंडळ उजव्या वाटेने धुक्यात शिरलं. दहा मिनिटांनी रुपराव उठले, धोतर खोचलं आणि डाव्या वाटेला लागले.

डाव बिनचूक होता. वळसाच तो, इकडून जा की तिकडून जा, गुहा मधोमध. मंडळ रमत-गमत, चहा पीत, प्रयागबाईंचे गुडघे सांभाळत जाणार. आपण एकटे, सडे, उलटीकडून झपाझप जाऊ, त्यांच्या आधी गुहेशी पोचू आणि तिथल्या खडकावर उभं राहून अशी हाक टाकू की वसंतच्या मागचे सगळे वसंतला ओलांडून आपल्या आवाजाकडे येतील. मग पाहू पुढच्या साली कोण पुढे चालतं ते.

चोवीस वर्षं त्या डोंगरात फिरलेल्या माणसाच्या ध्यानात एक गोष्ट मात्र आली नाही. सुलट्या वाटेने जाणाऱ्याला सगळ्यांच्या पाठी दिसतात. उलट्या वाटेने जाणाऱ्याला सगळ्यांची तोंडं.

आणि तिथली रीत अशी, की समोरून भगत आला की "हर हर महादेव, भगत!" म्हणायचं. त्याने म्हटलं तर आपणही म्हणायचं. न बोलता पुढे गेलं तर डोंगर पाहतो, असं रुपरावांनीच दरसाल नव्या लोकांना डोळे मोठे करून सांगितलेलं.

पहिले पाच भगत आले. "हर हर महादेव, भगत!" रुपरावांनी जोरात उत्तर दिलं. मग वीस जणांची रांग आली, वीस वेळा. मग बैतूलकडचं एक मंडळ आलं. त्यांच्यातला एकेक जण थांबून, हात जोडून, हसून म्हणे. रात्रीच निघालेली माणसं फेरी संपवून परतत होती, आणि ती संपतच नव्हती. पन्नासपर्यंत रुपरावांना भक्तिभाव होता. दोनशेपर्यंत नाइलाज. पुढे तर झाडाला ओलं कापड अडकून हललेलं दिसलं तरी ते त्याला महादेव करून मोकळे होत.

"उलटे कुठे चालले, भगत?" मधेच कुणी विचारी.

"काही राह्यलं मांगं," रुपराव म्हणत. ते अगदीच खोटं होतं असंही नाही.

डोंगर मात्र वेगळाच दिसत होता. धुकं फाटलं की समोर हिरव्यागार भिंतीवरून पांढऱ्या पाण्याच्या बारीक-मोठ्या रेघा उतरत. ज्या चढाला वीस वर्षं शिव्या दिल्या तो आज उतार झाला होता. 'सुनेचा नळ' उलट्या बाजूने पाहिला तर मोठा धबधबाच निघाला. कडेच्या खडकामुळे नेहमीच्या वाटेवरून तो दिसत नव्हता इतकंच. रुपराव क्षणभर थांबले. ही गोष्ट कुणाला तरी सांगायला पाहिजे असं वाटून त्यांनी सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. इतक्यात समोरून सात भगत आले आणि पुन्हा महादेव सुरू झाले.

'गप्प बस'च्या कड्यावर ते दम खायला बसले तेव्हा दुपार कलत होती. गर्दी पांगली होती, ढग खाली आले होते. रुपरावांनी आवाज तपासायला म्हणून खाकरून पाहिलं. आतून हवा आली. पुन्हा खाकरले. पुन्हा हवाच. हजारभर महादेवांत उरलेला अर्धा आवाजही खर्च झाला होता. गुहा अजून तासाभरावर होती, आणि तिथे उभं राहून हाक टाकायला त्यांच्याजवळ आता फक्त तोंड उरलं होतं.

तेवढ्यात खालून, धुक्यातून, हाक आली.

"हाय का गाऽऽ?"

आणि लगेच कितीतरी गळ्यांतून, "हाऽऽव!"

काय आवाज होता! भरलेला, गोल, शेवटी उंच जाऊन अलगद खाली उतरणारा. हा वसंत? चहा पीत बटन दाबणारा वसंत? कुठे लपवून ठेवला होता मेल्यानं हा गळा? रुपरावांनी उभ्या आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता. इतका वेळ पोटात जी आग होती ती छातीत चढली. 'गा'वरचा तो हेल तर... त्यांनी ओवा काढला, तोंडात टाकला, आणि गिळायला थुंकी नाही म्हणून तसाच धरून बसले.

"हाय का गाऽऽ?" पुन्हा, आणखी जवळून. पुन्हा तीच गोडी. प्रत्येक वेळी तीच, तसूभर कमी नाही की जास्त नाही.

रुपराव उठले. त्या कड्याच्या खालीच लोखंडी शिडी होती. एका वेळी एकच माणूस जाईल अशी, शेजारून पाण्याची धार वाहत असलेली. खालून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, ही रीतही रुपरावांची पाठ. तरी त्यांनी वरच्या पायरीवर पाय रोवला.

धुक्यातून आधी टोपी आली, मग वसंतचं तोंड. वर पाहून ते उजळलं.

"भाऊ! तुमी? पोट कसं हाय? हटा जरासे, मांगं आनंदराव हायेत."

"कोनाचा आवाज हाय हा?" रुपराव म्हणाले. म्हणाले म्हणजे तसे ओठ हलवले.

"काय?"

"कोन्या गवयाचा भरून आनला?" त्यांचं बोट वसंतच्या गळ्यातल्या डब्याकडे होतं. तो भोंगा होता. आता कळलं. बटन दाबायचं!

वसंत शिडीवर लटकलेल्या अवस्थेत हसला. "मजाक करून राहिले का, भाऊ? तुमचाच तं हाय."

"माह्या?"

"तीन सालाआधी मी मोबाइलमंधी भरला होता ना. गप्प बसवर तुमी हाक देऊन राहिले होते तवा. म्या म्हटलं, गळा बसला तं काय झालं, पुढं आवाज रुपरावभाऊचाच चालला पाह्यजे. बैठकीत तेच सांगत होतो, तुमी पानी माराले गेले. वहिनीले मालूम हाय. साऱ्याईले मालूम हाय!"

खालून आनंदरावांचा आवाज आला, "काहून थांबले बे? शिडीवर बैठक घेऊन राहिले का?"

रुपरावांनी पुन्हा एकदा त्या डब्याकडे पाहिलं. आत्ता ज्या आवाजावर आपण जळून कोळसा झालो तो आपला? स्वतःचा आवाज माणसाला आतून ऐकू येतो. बाहेरून तो कसा आहे हे जगात फक्त त्यालाच माहीत नसतं. सव्वासातला महालातल्या बायका जे ऐकत होत्या ते हे होतं तर! एक क्षण त्यांना भरून आलं. दुसऱ्या क्षणी ध्यानात आलं की ते तीन सालाआधीचं आहे. आता नाही. म्हणजे आता वसंतवर जळायची सोय गेली आणि त्या तीन सालाआधीच्या रुपरावांवर जळायची पाळी आली.

"हात द्या, भाऊ," वसंत म्हणाला आणि हात वर केला. गळ्यातली दोरी पायरीच्या खिळ्यात अडकली, हिसका बसला आणि डबा निसटून शेजारच्या धारेत पडला. पडता पडता बटन दाबलं गेलं असावं. "हाय का गा—" एवढं म्हणाला आणि गप्प झाला.

रुपराव आपोआप मागे सरकले. वसंत वर आला, आनंदराव वर आले, आणखी तिघे आले. मग कुणीच आलं नाही.

"बाकीचे?" आनंदरावांनी विचारलं.

बाकीचे आठ, त्यांत कौसल्याबाई आणि प्रयागबाई, मागे धुक्यात होते. आणि हाक थांबली होती. म्हणजे ते आठही जण जिथे होते तिथे बुड टेकून बसले असणार, आणि नियम असा पक्का घोटलेला की हाक येईपर्यंत उठणार नाहीत. मागे तीन वाटा फुटत होत्या. शोधायला जाणाराच हरवायचा. चार वाजत आले होते आणि ढग आणखी खाली येत होते.

"दे ना हाक," आनंदराव वसंतला म्हणाले.

वसंतने तोंडाभोवती हात धरले. "प्रयागबाईऽ... हाय का तिकडं?"

"फोन लावून राहिला का बे?" आनंदराव खेकसले. "जोरात!"

वसंतने पुन्हा प्रयत्न केला. आवाज त्याच्या टोपीपलीकडे गेला नाही. वर्षानुवर्षं भोंग्याने ओरडून त्याचा गळा नुसता चहापुरता उरला होता. आनंदरावांनीही एकदा करून पाहिलं. त्यांचा आवाज जन्मभर दोऱ्यासारखाच होता.

मग सगळे रुपरावांकडे पाहू लागले. रुपरावांनी गळ्यावर हात ठेवून मान हलवली.

खरं सांगायचं तर त्या घटकेला रुपरावांना एक फार गोड गोष्ट सुचली. आपण गप्प राहिलो तर वसंतचं पुढारीपण इथेच, या शिडीपाशी संपतं. भोंगा गेला की गडी संपला, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पुढच्या साली आपला गळा सुधारेल, आणि पुन्हा पुढे आपण. फक्त गप्प राहायचं. कड्याचं नावच ते.

ते गप्प राहिले. किती वेळ, हे त्यांनी नंतर कुणालाच सांगितलं नाही. मग त्यांना खाली कुठेतरी ओल्या दगडावर बसलेल्या कौसल्याबाई दिसल्या. दिसल्या म्हणजे धुक्यातून नव्हे. आज सकाळी पुडी हातावर ठेवून गेल्या तशा. त्या उठणार नव्हत्या. आपल्या नियमावर विश्वास ठेवून रात्र झाली तरी बसून राहणार होत्या.

त्यांनी वसंतच्या दंडाला धरलं, कड्याच्या टोकावर उभं केलं आणि त्याच्या पोटात मूठ रोवली.

"इथून," ते कुजबुजले. "गळ्यातून नाही. इथून काहाड."

"हाय का—"

"थांब. कोनाले हाक देऊन राहिला?"

"मांगच्याईले."

"तेच चुकते तुह्यं." रुपराव त्याच्या कानाशी वाकले. ही गोष्ट त्यांनी चोवीस वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती, कौसल्याबाईंनाही नाही. "मानसाले हाक नाही द्याची. समोर तो काळा कडा हाय, धुक्यात हाय पन हाय. त्याले दे. तो सांगते मानसाले. गल्लीतबी मी कधी खिडकीले वरडलो नाही. समोरच्या भिताडाले इकतो सांबार."

वसंतने त्यांच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं, जिथे काहीच दिसत नव्हतं. रुपरावांनी मूठ आत दाबली.

"हाय का गाऽऽ?"

आवाज सुटला. ओबडधोबड, न सोललेल्या कांद्यासारखा, पण सुटला. समोरच्या न दिसणाऱ्या कड्याने तो घेतला, फिरवला आणि खाली दरीत टाकला.

काही क्षण नुसती पाण्याची धार. मग कुठून तरी, अगदी बारीक, "हाऽऽव!"

चोवीस वर्षं ती 'हाव' रुपरावांच्या ताटात पडत आली होती. आज शेजारच्या ताटात पडली. त्यांनी ते पाहिलं, मूठ पुन्हा वसंतच्या पोटात रोवली आणि म्हणाले, "हेल चुकला. 'गा'वर उतराचं असते. पुन्हा दे."

अर्ध्या तासाने आठही भगत एकामागून एक शिडीवरून वर आले. पहिल्या प्रयागबाई, बोलत बोलतच.

"काय गा, मशीन बदलली का? सकाळपासून रुपराव बोलून राहिला होता, आता हा दुसरा कोन भरला? बोकड्यासारखा!"

रुपरावांना आठ दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मागून कौसल्याबाई आल्या. नवऱ्याला तिथे पाहून त्या भगत म्हणायचं विसरल्या. "अहो! पोट दुखत होतं ना?"

रुपरावांनी गळ्याकडे बोट दाखवलं.

"पोटातून तिकडं गेलं का?" कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं ओळखलं होतं. "मी सांगाले येत होती तं आयकून घेतलं नाही. आता उलटे फिरले म्हंजे दर्शनबी राह्यलं तुमचं."

ते खरंच होतं. सगळ्यांबरोबर ते आल्या वाटेने परत निघाले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा रुपराव नागद्वारला जाऊन नागोबाला न भेटता आले. वसंतने आपल्या वाट्याच्या प्रसादातलं खोबरं त्यांना दिलं. चांगलं होतं. त्याचाही थोडा राग आला. 'सुनेचा नळ' आला तेव्हा रुपरावांनी सगळ्यांना खडकाच्या पलीकडे नेऊन मागची बाजू दाखवली. प्रयागबाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे सुनेची काही गलती नव्हती."

नागपूरला परतल्यावर रुपरावांचा आवाज पुरता गेला. डॉक्टरांनी आठ दिवस मौन सांगितलं. इकडे वसंतने भोंगा तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवला. तो चालू झाला, फक्त त्यात एकच हाक उरली होती. वसंतने तो आणून रुपरावांच्या ठेल्याला बांधला. "तुमचा आवाज येईस्तोर ठेवा, भाऊ. मले आता नाही लागत."

खरंच लागत नव्हता. वसंत आता स्वतःच्या तोंडाने ओरडत गल्लीतून जाई, भिंतीकडे पाहून. रुपराव तीन गल्ल्या पलीकडून ऐकत आणि हेल चुकला की कौसल्याबाईंना हाताने खूण करत. आनंदरावांनी पुढच्या सालचं ठरवून टाकलं, पुढे वसंत आणि त्याच्या मागोमाग रुपराव. रुपराव लोकांना ते जरा वेगळं सांगतात. आपल्या समोर एक माणूस ठेवला आहे, असं.

आठ दिवस महालात सांबाराचा ठेला "हाय का गाऽऽ?" असं विचारत फिरला. पहिल्या दिवशी बायका हसल्या. तिसऱ्या दिवसापासून गॅलऱ्यांतून "हाऽऽव!" येऊ लागलं, आणि टोपल्या भराभर खाली. हिवाळ्यापासून एवढी मेथी खपली नव्हती. रुपराव मुकाट्याने जुड्या भरत आणि ठेल्यावरच्या त्या डब्याकडे तिरप्या नजरेने पाहत.

नवव्या दिवशी आवाज आला. पूर्वीचा नाही, अर्ध्याहून थोडा वर. रुपरावांनी डबा काढून घरी ठेवला, गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, समोरच्या भिंतीला सांगितलं, "सांबाऽऽर!"

तिसऱ्या मजल्यावरून एक बाई वाकली. टोपली हातातच धरून.

"काहो, आज ते दुसरे भाऊ नाही आले का? लय गोड आवाज होता त्याईचा."

रुपरावांनी एक मोठी जुडी निवडली, पाणी झटकलं.

"नाही," ते म्हणाले. "तो मानूस आता रिटायर झाला. तुमी टोपली सोडा."

टोपली खाली आली.